बातमी विचारणारे ढोके सर

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. वर्ग भरायचा दिग्रसमधल्या एका जिनिंगच्या ऑफिसवरच्या खोलीत. खाली सरकी काढणारी यंत्रं सुरू झाली की फरशी थरथरायची, खिडकीतून कापसाची लव आत यायची आणि केसांवर, पुस्तकांवर, सरांच्या चहाच्या कपात जाऊन बसायची. सर ती बोटानं बाजूला करून चहा प्यायचे. तोवर चहा गार झालेला असायचा. त्यांना गरम चहा पिताना मी कधी पाहिलंच नाही. कप हातात आला की नेमकं त्याच वेळी त्यांना कुणाला तरी काहीतरी विचारायचं असे.

मधुकर ढोके हे त्यांचं नाव. गावातल्या एका शाळेत ते इतिहास शिकवायचे आणि शाळेच्या आधी, सकाळी, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींना चालू घडामोडी. जिनिंगच्या मालकाचा मुलगा कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकला होता, म्हणून ती वरची खोली मिळाली होती. उंच, खांद्यात जरा वाकलेले, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घालणारे. उन्हाला छत्री.

मी आर्णीहून सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची. पहिल्या दिवशी सरांनी मला नाव विचारलं नाही. "कुठची?" एवढंच विचारलं. मी गाव सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'आर्णी' झाले. वर्गात एक 'दारव्हा' होता, एक 'महागाव' होती. पुसदचे दोघं होते, म्हणून एक थोरला पुसद आणि एक धाकटा. "धाकट्या पुसद, वाच," म्हटलं की तो उभा राहून पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं म्हणजे ओरडूनच, कारण खाली यंत्रं चालू असायची.

बातमी वाचून झाली की सरांचा एकच प्रश्न.

"कोनं सांगतलं?"

"पेपरात आहे, सर."

"पेपरले कोनं सांगतलं?"

"सूत्रांनी, सर."

"हे सूत्र कोन होय? त्याचं गाव कोनतं?"

पोरं हसायची. सर हसायचे नाहीत. ते खरोखरच उत्तराची वाट पाहत उभे राहायचे. मग आम्ही तीन पेपर शेजारी शेजारी मांडून बघायचो की तीच बातमी दुसऱ्यानं कशी दिली आहे, कोणत्या खात्याचं नाव आहे, आदेश निघाला आहे की नुसती घोषणा झाली आहे. घोषणा, मंजुरी, आदेश आणि अंमलबजावणी हे चार वेगळे दिवस असतात आणि त्यांच्यामध्ये कित्येक वर्षंसुद्धा जाऊ शकतात, हे मी त्या खोलीत शिकले. आज एका सरकारी कार्यालयात काम करताना रोज त्याचा अनुभव घेते.

दुसरी एक गोष्ट ते आमच्याकडून घोटून घ्यायचे, ती म्हणजे 'मला माहीत नाही' हे वाक्य. मुलाखतीच्या सरावाला एका खुर्चीवर आम्हाला बसवायचे, समोर स्वतः बसायचे आणि असं काही विचारायचे की ज्याचं उत्तर येणं शक्यच नव्हतं. महागावची पोरगी हुशार होती. ती काहीतरी जुळवून सांगायची, सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." ती दुसरं काहीतरी जुळवायची. "पुन्हा." शेवटी रडकुंडीला येऊन तिनं म्हटलं, "मला नाही माहीत, सर."

"हां. आता हेच मान वर करून सांग."

स्वतःही ते तसेच वागायचे. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात लोक त्यांना धरून बसवायचे. सोयाबीनचे भाव वाढतील का, निवडणूक कधी लागेल, अमक्या देशात लढाई झाली तर पेट्रोलचं काय होईल? सर विचार करायचे आणि सांगायचे, "मले माहीत नाई." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. एवढा पेपर वाचणारा माणूस आणि याला माहीत नाही म्हणजे काय?

त्यांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, या सगळ्याचा कंटाळा आला होता, पण गमतीचा कंटाळा. एकदा मी त्यांच्या घरी बसले असताना काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शेजारच्या सुनीताचं जमलं म्हनतात, अकोल्याचं स्थळ हाये."

सर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कोनं सांगतलं?"

"मी सांगून राह्यली. आता उठा, जेवाले चला."

सर उठले. घरात हा एकच सूत्रांचा आधार त्यांना चालत असे.

पण माझ्या पहिल्या वर्षी सर हा प्रश्न विचारत नव्हते. तेव्हा ते इतर शिकवणीवाल्यांसारखेच होते. चालू घडामोडींचं महिन्याचं पुस्तक आणायचे, त्यातलं वाचून दाखवायचे, मोबाईलवर आमचा ग्रुप होता त्यावर आलेलं सांगायचे. आम्हीही लिहून घ्यायचो. हा बदल कशानं झाला ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्यात वंदना आडे नावाची मुलगी होती. दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यावरून यायची. आमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी. मधे काही वर्षं घरच्या अडचणींमुळे तिचं शिक्षण थांबलं होतं. तरी वर्गात तिच्याइतकं सलग बसून वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. सरांनाही तिचा भरवसा वाटायचा. यंदा ही निघते, असं ते काकूंजवळ बोलले होते.

त्या वर्षीच्या एका मोठ्या परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. वंदनाचं एक प्रमाणपत्र तहसीलमध्ये अडकलं होतं, ते दुपारी मिळणार होतं. मिळालं की लगेच सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरायचा, म्हणून ती सकाळीच सगळी कागदपत्रं पिशवीत घालून आली होती. इकडे ग्रुपवर एक सूचना फिरत होती. वर शिक्का, खाली सही, अर्जाची मुदत एका आठवड्यानं वाढली असा मजकूर. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली.

वंदना दारात उभी होती. सर तिला म्हणाले, "मुदत वाढली, पोरी. तहसीलच्या दारात कायले उन्हात उभी राह्यतं? घरी सोयाबीन काढनं चालू हाये ना? जा. सोमवारी निवांत भरजो."

ती गेली.

सूचना खोटी होती. दुसऱ्या दिवशी थोरला पुसद अर्ज भरायला बसला तर संकेतस्थळावरचं ते पानच बंद. आम्हा बाकीच्यांचे अर्ज आधीच गेले होते. थोरल्या पुसदला अजून वर्षं हातात होती. वंदनाची वयोमर्यादा मात्र त्याच वर्षी संपत होती.

सर दोन दिवस वर्गावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आर्णी, तुले तिचा तांडा माहीत हाये ना? माह्यासोबत चाल."

आम्ही एसटीनं फाट्यापर्यंत गेलो आणि तिथून पायी. तांड्यावर पोचलो तेव्हा वंदनाच्या घरासमोर सोयाबीनचा ढीग होता आणि ती आणि तिची आई तो पाखडत होत्या. वंदनानं आम्हाला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन वडिलांना बोलावलं. वडिलांनी बाज टाकली, पाण्याचा तांब्या आणला. सर आले म्हणजे काहीतरी चांगली खबर असणार, असं त्यांना वाटलं असावं. "बसा सर, बसा," म्हणत त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून बाज झटकली.

सर बसले नाहीत.

"आडेभाऊ, मी चूक कबूल कराले आलो," ते म्हणाले. "तुमच्या पोरीनं माह्यावर विश्वास ठेवला. मी खातरी केली नाई, अन् वर्गात सांगून टाकलं. तिचा अर्ज माह्यामुळे राह्यला."

वडिलांना ते नीट कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमी का मुद्दाम केलं? मोबाईलात आलं होतं म्हनते वंदना. त्या मोबाईलची चूक."

"मोबाईल शिकवत नाई, भाऊ. मी शिकवतो."

मग सर वंदनाकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती. ते म्हणाले, "वंदना, चुकलो मी."

तिची आई तिच्याकडे पाहत होती, वडील जमिनीकडे. शेवटी ती म्हणाली, "च्या घेऊन जा, सर."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि सरांनीही ते मागितलं नाही. आम्ही चहा घेतला. त्या दिवशी सरांनी चहा गरमच घेतला असणार, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. परतीच्या वाटेवर फाट्याजवळ ते थांबले आणि म्हणाले, "तिनं शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

वंदना पुन्हा वर्गात आली नाही. पुढे तिचं लग्न झाल्याचं कुणीतरी सांगितलं. सर मात्र दुसऱ्याच दिवशी वर्गासमोर उभे राहिले आणि झालेलं सगळं सांगितलं. तिचं नाव न घेता, पण स्वतःला न वाचवता. महिन्याची पुस्तकं बंद झाली. ग्रुप बंद झाला. तीन पेपर आले आणि तो प्रश्न आला.

मला मोठी परीक्षा जमली नाही. एक लहान परीक्षा पास होऊन यवतमाळला कारकून म्हणून लागले. पण रविवारी जमलं तर सरांसोबत जायची, कारण रविवारी ते वर्ग बाहेर काढायचे. महागाई शिकवायची तर बाजारात नेऊन, प्रत्येकाला एकेका दुकानाशी उभं करून, मागच्या आठवड्यापेक्षा काय वाढलं आणि का वाढलं ते विचारायला लावायचे. भाजीवाल्या बायांना सर आवडायचे. काही घेत नसले तरी अदबीनं विचारायचे.

अशाच एका रविवारी आम्ही आर्णीच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावाच्या बाजारात होतो. त्या दिवसांत पोरं पळवणारी टोळी आली आहे, असे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. ते मीही पाहिले होते. बाजाराच्या टोकाला एक जोडपं उशांच्या खोळी आणि चादरी विकत होतं. बाहेरच्या राज्यातलं, हिंदी बोलणारं. त्यांचं चार-पाच वर्षांचं पोरगं कशासाठी तरी हट्ट करून रडत होतं आणि आई त्याला दंडाला धरून ओढत होती. कुणीतरी ते पाहिलं. कुणीतरी म्हटलं, लेकरू हिचं दिसत नाही. आम्ही आवाज ऐकून तिकडे वळेपर्यंत माणसांचं कडं झालं होतं. आत त्या माणसाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि बाई पोराला पोटाशी घेऊन खाली बसली होती.

आम्ही पोरंपोरी जागच्या जागी थबकलो. सर छत्री मिटून आत शिरले.

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. सगळ्यात पुढे मोबाईल नाचवत एक माणूस उभा होता. सर त्याच्यासमोर जाऊन वर्गातल्याच आवाजात म्हणाले, "दादा, हे तुले कोनं सांगतलं?"

"हे पाहा ना, व्हिडिओ हाये."

"तो कोनं पाठवला?"

"माह्या भाच्यानं."

"भाच्याले फोन लाव."

मागून कुणीतरी सरांना ढकललं. ते पडले, चष्मा कुठंतरी गेला. उठून, कोपर झटकून, ते पुन्हा त्याच माणसासमोर उभे राहिले. "लाव ना फोन. आपन विचारू. खरं असन तं मी बी तुह्यासोबत हाये."

त्या माणसानं का कोण जाणे, फोन लावला. भाचा म्हणाला, मला मित्रानं पाठवला. सर म्हणाले, मित्राला लाव. मित्र उचलेना. पुन्हा लावला. ऊन डोक्यावर होतं. मागच्या माणसांना पुढे काय चाललं आहे ते दिसेना. "काय करून राह्यले ते?" कुणी विचारलं. "फोन लावून राह्यले," दुसऱ्यानं सांगितलं. दोघं-तिघं हसले. एका म्हाताऱ्यानं त्या बाईला पाणी दिलं. मित्रानं फोन उचलला आणि सांगितलं की कुठला आहे माहीत नाही, कुणीतरी टाकला होता. तेवढ्यात बाजाराच्या दुसऱ्या बाजूनं एक बाई दोन बायांना घेऊन झपाझप आली आणि कडं फोडून आत घुसली.

"बाजूले व्हा. मी पोलीस पाटील हावो. ठाण्यात फोन केला हाये, गाडी निघाली. ज्याले थांबाचं हाये त्यानं थांबा, नाव सांगा."

ती वंदना होती.

ती खाली बसली, पोराशी हिंदीत बोलली. त्यानं आईच्या गळ्यातला हात काढला नाही, पण वडिलांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. वंदनानं तिघांना उठवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन बसवलं. गर्दी पांगली. पोलीस आले तेव्हा विचारायला फारशी माणसं उरली नव्हती. पुढे मारणाऱ्यांपैकी दोघांवर गुन्हा दाखल झाला. ते जोडपं संध्याकाळच्या गाडीनं गेलं. त्यांच्या चादरी बायांनी गोळा करून दिल्या होत्या.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वंदना सरांचं कोपर धुऊन देत होती. मी चष्मा शोधून आणला होता, एक काच फुटलेली.

"या गर्दीत कायले शिरलात, सर?" ती म्हणाली. "मले फोन कराचा होता."

"मले काय माहीत, तू इथली पोलीस पाटील हायेस."

"तुमी कधी विचारलंच नाई."

सगळ्या जगाला विचारणाऱ्या त्या माणसानं इतक्या वर्षांत वंदनाचं पुढे काय झालं हे कुणाला विचारलं नव्हतं. मीही त्यांच्याजवळ तिचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

"नाई विचारलं," ते म्हणाले. "हिंमत नाई झाली."

वंदनानं फडकं पिळलं. "इथं लग्न होऊन आली, मंग या जागेची परीक्षा दिली. वय बसत होतं." थोडं थांबून ती म्हणाली, "राग गेला का, असं तुमी मनात विचारून राह्यले असान. खरं सांगू? मले माहीत नाई, सर. कधी कधी येतो. पन आज तुमी नसते तं मी येईपर्यंत त्या बाईचं काय झालं असतं, ते मले माहीत हाये."

तिनं सरांच्या कोपराला फडकं बांधलं, ते जरा घट्ट झालं होतं, पण त्यांनी तसंच ठेवलं.

त्यानंतर वंदना अधूनमधून वर्गात येऊ लागली. शिकायला नाही, बोलायला. गावातली भांडणं, बेपत्ता माणसं, पंचनामे, अफवा. कायदा कागदावर कसा असतो आणि दारात उभा राहिला की कसा दिसतो, ते ती सांगायची. तिच्या तासाला सर मागच्या सतरंजीवर पोरांमध्ये मांडी घालून बसत. मध्ये काही विचारायचं असेल तर हात वर करत. ती म्हणायची, "हं, दिग्रस, विचारा." पोरं खूश होत.

पुढे सर निवृत्त झाले. नंतर ते जिनिंग बंद पडलं, खोलीला कुलूप लागलं. पोरांना सगळं मोबाईलवर मिळू लागलं होतं, वर्गात यायला कुणाला वेळ नव्हता. सरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. वर्ग संपला, एवढंच ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी दिग्रसला गेले तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. कुसुमकाकू म्हणाल्या, "ते रेल्वेकडे गेले. रोज जातात."

आमच्या भागात नवा रेल्वेमार्ग होतो आहे. शेतांमधून मातीचा उंच भराव गेला आहे. मी विचारत विचारत तिथं पोचले तर सर रुळांखाली घालायच्या सिमेंटच्या स्लीपरांच्या थप्पीवर बसून संत्रं सोलत होते. खूप वाळले होते. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बस, आर्णी. आई बरी हाये ना?"

आम्ही बसलो. दूरवर एक यंत्र खडी ओतत होतं.

"माह्या पयल्या तुकडीले मी हा मार्ग शिकवला होता," ते म्हणाले. "'प्रस्तावित' लिहून घ्या म्हनलं. मंग काही वर्षांनी 'मंजूर'. मंग 'भूसंपादन सुरू'. मंग 'काम सुरू'. दर तुकडीले एक एक शब्द बदलत गेलो. पन कधी येऊन पाह्यलं नव्हतं."

"आणि आता?"

"आता पाह्यतो."

संत्र्याच्या साली त्यांनी रुमालात बांधल्या, खिशात घातल्या आणि उठले. पुलापर्यंत रोज जातो, म्हणाले. मला लग्नाला जायचं होतं, म्हणून भरावाच्या पायथ्याशीच थांबले. ते वर चढले आणि नव्या रुळांच्या मधून चालू लागले. स्लीपरांमधलं अंतर त्यांच्या पावलात बसत नव्हतं. एका ठिकाणी दोन लहान पावलं, पुढच्या ठिकाणी एक लांब. लांबून एका कामगारानं हाक मारली, "ओ बाबा, बाजूले व्हा." सरांनी त्याला हात वर करून दाखवला. पण खाली उतरले नाहीत, तसेच पुढे चालत राहिले.